तुला लोखंडाचं भेव नव्हतं, बाई

बाई, तुझी तेरवी झाली. पाहुणे आपापल्या गावी गेले. मांडवाचे बांबू अजून अंगणात पडून आहेत, ते परत न्यायला कुणी आलेलं नाही. भाऊजी काल पुलगावला परतले आणि लली इथे रोहण्याला, मायबाबांकडे राहिली. काल दुपारी तिनं मायला एक प्रश्न विचारला. तेव्हापासून मला कुणाशी तरी बोलायचं आहे, आणि ज्या माणसाशी बोलावं ती माझी थोरली बहीण, तूच होतीस. म्हणून तुलाच लिहिते.

मी असं शुद्ध बोलायला लागले की तू पदर तोंडाला लावून हसायचीस. "कशी पुस्तकावानी बोलून राह्यली वं," म्हणायचीस. हस. आपल्या बोलीत लिहायला गेले की तुझा आवाज कानाशी येतो आणि हात थांबतो. या भाषेत थोडा धीर येतो, एवढंच.

काल माय ओसरीवर ललीची वेणी घालत होती. लली म्हणाली, "आजी, माय भाजी चिराले बसली का मले बाहेर काऊन काढे? आतून कडी लावून बसे."

मायनं केसांतला कंगवा तसाच चालू ठेवला. "तू झाली तवा तुह्या मायले बाहेरची हवा लागली होती बापा. लोखंड पाहिलं का तिचे डोये फिरत. त्या हवेले तू पाहिजे होती. पन म्या नाई जाऊ देल्लं तुले. म्या वाचवलं."

हे ती अगदी मायेनं बोलली. रिबिनीची गाठ मारली, ललीच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. पण तू गेल्यापासून तुझं जे हिरवं लुगडं गुंडाळून ती झोपते ना, ते तिनं दिवेलागणीला माझ्यासमोर आणून टाकलं. "मावशी, हे बाहेर ठेव," म्हणाली. आणि लांब जाऊन बसली.

तुझी लेक तुला भिऊ लागली आहे, बाई. तिनं का भिऊ नये, हे या घरात फक्त मला माहीत आहे. आणि माझं तोंड तू बांधून ठेवलं आहेस.

त्या दिवाळीचं मला सगळं नीट आठवतं की मी मागाहून जुळवलं, हे आता सांगता येत नाही. मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होते, वर्ध्याला पिपरी मेघेत एका मैत्रिणीबरोबर खोली घेऊन राहत होते. सुट्टीत घरी आले आणि त्याच आठवड्यात लली झाली. तू फार अडली होतीस. शेवटी सुईण हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "सुटली बापा एकदाची." आम्हां सगळ्यांना वाटलं, सुटलीस.

पहिले काही दिवस जो तो म्हणत होता, थकली आहे, होईल ठीक. थकलीच होतीस. पण थकलेलं माणूस झोपतं. लेकरू झोपलं तरी तू झोपत नव्हतीस. बाजेवर पडून छताच्या फाट्यांकडे बघत राहायचीस. मेथीचा लाडू हातात दिला तर तो हातातच राहायचा. लेकरू रडलं की तुझे खांदे कानांपर्यंत वर जायचे. दूध पाजताना तू भिंतीकडे तोंड करायचीस.

शेजारची शेवंताकाकू रोज बाळंतिणीला बघायला यायची. तिचं नि तुझं कधी पटलंच नाही. दारातूनच म्हणाली, "पोट्टी झाली म्हणून तोंड पाडून बसली का वं? पहिली बेटी, धनाची पेटी!"

तू उत्तर दिलं नाहीस. मला भीती वाटली ती तेव्हा, पहिल्यांदा. शेवंताकाकूला उत्तर न देता तू घराबाहेर जाऊ दिलंस, असं मी आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं.

बाळंतिणीच्या उशाशी लोखंड ठेवायचं, हे आपल्याकडे घरोघरी आहे. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. लोखंड असलं की बाहेरचं काही जवळ येत नाही. कुणी सुरी ठेवतं, कुणी अडकित्ता. मायनं तुझ्या उशीखाली गवत कापायचा विळा ठेवला होता आणि त्याला मुद्दाम धार लावून आणली होती. बोथट लोखंडाला हवा भीत नाही, असं तिचं म्हणणं.

"माय, तो इळा काढ," तू म्हणालीस.

"काऊन वं? रुतून राह्यला का?"

"काढ म्हणते ना."

मायनं तो पायथ्याशी नेऊन ठेवला. तू उठून बसलीस. "इथून काढ. घरातूनच काढ तो."

मायचा हात तसाच राहिला. तिनं शेवंताकाकूकडे पाहिलं. "लोखंड नको म्हणते."

शेवंताकाकूनं आवाज खाली आणला. "कोन म्हणते? तुही पोर म्हणते का दुसरंच कोनी?"

त्यानंतर तू काहीही बोललीस तरी माय आधी तुझ्या डोळ्यांत बघायची आणि ठरवायची की कोण बोलतंय. पाणी मागितलंस तरी.

दुसऱ्या दिवशी सगळे कापूस वेचणीला गेले. मी तुझ्याजवळ होते. लली झोळीत झोपली होती. तू मला हाक मारलीस.

"इकडं ये. दार लाव." मी दाराशी गेले. "नाई, लावू नको. उघडंच राहू दे."

मी बाजेजवळ बसले. तू छताकडे बघतच बोललीस.

"मले काई काई दिसते."

"काय दिसते, बाई?"

"तो इळा दिसते. माहे हात दिसते. आन् लेकरू दिसते."

मला कळलं. आणि कळू नये असंही वाटलं.

"मले नाई करायचं वं," तू म्हणालीस. "मले कायीच नाई करायचं. पन दिसते. डोये मिटले का दिसते. म्हणून मी डोये मिटत नाई."

"मायले सांगू?"

तू माझं मनगट धरलंस. इतकं घट्ट की काकण रुतलं. "कोनाले सांगशीन तं माहं मेलेलं तोंड पाहशीन. माही शपथ हाय तुले."

मी तो विळा गोठ्यात नेला आणि कुटाराच्या, गुरांच्या भुशाच्या ढिगात खोल खुपसला. माझ्या अकलेप्रमाणे मला तेवढंच सुचलं. संध्याकाळी मायनं उशी उचलून पाहिली. विळा नव्हता. तिनं मला विचारलंसुद्धा नाही. तिला वाटलं तूच फेकलास, म्हणजे आता शंकाच उरली नाही. तिनं दुसरा विळा आणला. अडकित्ता आणला. बैलाच्या नालांचे तुकडे शोधून आणले आणि बाजेच्या चारही खुरांखाली एकेक ठेवला. उशीखाली विळा, पायथ्याशी अडकित्ता, आणि मधे तू.

मी म्हटलं, "माय, तिले याचा तरास होते."

"होईनच तं! ज्याले तरास व्हावा म्हणून ठेवलं, त्याले होऊन राह्यला."

"ते भूत नोहे, माय. तेच हाय. बाईच हाय."

"तू कॉलेजात जा अन् तिथं सांगजो. इथं मले माही पोर वाचवू दे."

तिच्या या बोलण्यात फटच नव्हती. तू 'काढ' म्हणालीस की ते भुताचं बोलणं, आणि गप्प राहिलीस की भूत दबलं. तिला उत्तर देता येईल असं एकच वाक्य माझ्याकडे होतं आणि ते तू शपथेखाली ठेवलं होतंस.

मग तू हात अंगाखाली घेऊन निजायला लागलीस. उताणी, दोन्ही हात पाठीखाली दाबून. तासन् तास. हातांना मुंग्या येऊन बोटं वळेनाशी व्हायची, मग मी ती चोळून द्यायचे. "दुखते ना गं," मी विचारलं. तू म्हणालीस, "दुखू दे. दुखते तवा समजते, हात कुठं हाय ते."

बाई, हे मी नोंदवते आहे कारण मायच्या बाजूनंही मला खरं सांगायचं आहे. तिनं तुला लोखंडात ठेवलं. पण त्याच भीतीपोटी तिनं ललीला तुझ्याजवळून उचललं आणि स्वतःच्या मांडीवर घेतलं. फक्त पाजायला आणायची, आणि पाजणं होईपर्यंत बाजेच्या काठावर बसून राहायची. तुला एक क्षण एकटं सोडलं नाही. ऐन हंगामात तिनं वेचणीला जाणं बंद केलं. बाबा कुरकुरले तर म्हणाली, "कापूस पुढच्या साली भी फुटन." गावातल्या कुठल्या बाईच्या तोंडून असं वाक्य तेव्हा निघालं असतं, मला माहीत नाही.

आणि तू एकदा, लली तिच्याकडे असताना, मला हळूच म्हणालीस, "बरं हाय. तिच्यापाशी बरं हाय लेकरू." त्या दुपारी तू झोपलीस. खरी झोप. मी दारात उभी राहून तुझं पोट वरखाली होतंय का ते बघत होते. माय लेकराला घेऊन अंगणात बसली होती आणि कोंबड्यांनासुद्धा हुसकत होती, तुला जाग येईल म्हणून.

माझं कॉलेज सुरू झालं. मी जायला तयार नव्हते, तूच लावलंस. "जाय. म्या तुह्या वाट्याचा कापूस काय उगाच वेचला?" तेही खरंच होतं. वेचणीच्या दिवसांत बाबा मला शाळेतून काढायचे, आणि तू म्हणायचीस, तिच्या ओळी मी वेचते, तिला जाऊ द्या. तू सातवीत शाळा सोडलीस आणि माझ्या ओळींतला कापूस वेचत राहिलीस. आज मी एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. हे मी तुला कधी म्हटलं नाही, कारण म्हणायला गेले असते तर तू म्हणाली असतीस, "भाषण देऊन राह्यली का?"

संक्रांतीला मी आले तेव्हा तू उठून बसत होतीस. शेवंताकाकू ललीची दृष्ट काढत होती, मीठमोहऱ्या ओवाळत, काहीतरी पुटपुटत, लेकराला मांडीवर घेऊन. आणि लली तिच्या मांडीवर मोकळी झाली. पार लुगडं भिजलं. काकू ओरडली.

तू म्हणालीस, "काकू, उतरली वं हवा. तुह्या लुगड्यात."

आणि हसलीस. माय चुलीपाशी होती, ती तशीच खाली बसली आणि रडायला लागली. त्या दिवसापासून ती गावभर सांगत आली आहे की तिनं लोखंडाच्या जोरावर पोर वाचवली. मायनं आयुष्यात स्वतःची बढाई अशी कधी मारली नाही, ही एवढी सोडून.

गेल्या वर्षी आमच्या कॉलेजात मुलींसाठी एक डॉक्टरबाई बोलायला आल्या होत्या. रक्त कमी असणं, पाळी, असं सगळं सांगता सांगता त्या म्हणाल्या की बाळंतपणानंतर काही बायांचं मन फार खचतं, झोप जाते, लेकरू नकोसं वाटतं, कधी कधी भलते विचार येतात. पुष्कळ बायांना होतं, कुणी बोलत नाही, आणि त्यावर औषध आहे. मला पुढचं ऐकूच आलं नाही. प्रश्न विचारायला सांगितलं तेव्हा मी उठले आणि परत बसले. त्या जायला निघाल्या, वऱ्हांड्यात चपलेचा बंद लावत होत्या, तिथे मी त्यांना गाठलं. "माझ्या ओळखीची एक बाई आहे," म्हटलं आणि सांगितलं. त्या खाली वाकलेल्या होत्या त्या सरळ झाल्या. म्हणाल्या, विचार येणं आणि तसं करणं यात फार अंतर असतं, आणि ज्या आईला त्या विचाराचीच इतकी भीती वाटते ती लेकराला जपत असते. पण अशा बाईला एकटं ठेवू नये, झोप मिळू द्यावी, आणि दवाखान्यात आणावं, वाट बघू नये. "ती बाई आता कशी आहे?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, बरी आहे.

त्या रविवारी मी पुलगावला आले. तू स्वयंपाकघरात होतीस. मला आत घेतलंस आणि कडी लावलीस. विळीवर वांगी चिरायला बसलीस. बाहेरून ललीनं दार वाजवायला सुरुवात केली.

"माय, मी येऊ?"

"थांब वं, वांगे चिरून राह्यली."

"म्या नुसती पाहीन."

"म्हटलं ना, थांब!"

मी तुला डॉक्टरबाईंचं सगळं सांगितलं. तू ऐकत होतीस, हात चालू होता.

"म्हणजे त्याले नाव हाय?"

"हो, बाई. आजारच हाय तो. कावीळ होते, ताप येते, तसा."

"बरं झालं. नाव ठेवलं म्हणजे बारसं झालं."

"मस्करी नको करू."

तुझा हात थांबला. "तू सांगितलं त्या डॉक्टरनीले माहं?"

"नाव नाई सांगितलं. ओळखीची बाई म्हटलं."

"गाव?"

"नाई."

हात परत चालू झाला. मी म्हटलं, मला मायला सांगू दे. ती अजून गावभर भुताचं सांगते.

"सांगू दे. भुताले लोकं माफ करतात वं. मायले नाई करत." बाहेर ललीनं दारावर लाथ मारली. तू दाराकडे बघून बोलायला लागलीस. "उद्या हे मोठी होईन. तुह्या मायले हवा लागली होती, हे आयकनं बरं, का तुह्या मायच्या डोक्यात तुले..." मग म्हणालीस, "आन् मायले काय सांगशीन? का ज्या लोखंडानं वाचवलं म्हणते, त्याच्यावरच म्या जीव मुठीत धरून निजली होती? तिच्यापाशी काय राहीन मंग?"

"पन तू अजून कडी लावते."

"सवय झाली."

"ते तं कधीचंच गेलं ना, बाई?"

"गेलं." तू कापलेल्या फोडी पाण्यात टाकल्यास. "पन मले काय मालूम, वापस येते का? हे दुसऱ्या लेकराचं म्हणून राह्यले. म्या नाई म्हणते. तं काऊन म्हणून इचारतात. काय सांगू त्यायले?"

"खरं सांग. दवाखान्यात जाऊ आपण. मी येते तुह्यासंग."

तू उठलीस, विळी मिटवून फळीवर वर ठेवलीस, आणि मगच कडी काढलीस. लली आत आली ती तुझ्या पायांना बिलगली. तू तिला उचललंस आणि तिच्या डोक्यावरून मला म्हणालीस, "जाय आता, गाडी चुकन तुही. पोयाले येजो, तवा बोलू."

पोळ्याला मी आले. तेव्हा तू बोलण्यासारखी राहिली नव्हतीस. कावीळ डोक्यात गेली, असं सगळे म्हणतात, मीही तेच सांगते. त्याविषयी मला इथे काही लिहायचं नाही.

पण एक लिहायलाच पाहिजे. तू म्हणाली होतीस, कोणाला सांगितलंस तर माझं मेलेलं तोंड पाहशील. मी कोणाला सांगितलं नाही, बाई. नाव, गाव, काही नाही. आणि तुझं मेलेलं तोंड पाहिलं. मीच तुझ्या कपाळाला कुंकू लावलं. शपथेत जो धाक होता तो, शपथ पाळूनही, माझ्यासमोर आला. आता तिनं मला कशासाठी बांधावं, ते मला समजत नाही. तुझं म्हणणं खोटं नव्हतं, भुताला माफ करतात. पण लली भुताला भीत नाहीये. तुला भिते आहे.

आणि तरी मायचा विचार आला की जीभ उचलत नाही. तिनं या वर्षी लेक गमावली. आता मी तिच्या हातातून तेही काढून घ्यायचं का?

इथवर लिहून ठेवलं होतं, त्याला काही दिवस झाले. मी मायला सांगितलं.

बाबा ललीला घेऊन वावरात गेले होते. माय ओसरीवर मुगाच्या शेंगा फोडत बसली होती. मी शेजारी बसून फोडू लागले आणि फार वाईट तऱ्हेनं सुरुवात केली. डॉक्टरबाईंपासून. "कोन डॉक्टरनी?" माय म्हणाली. "कोनाले काय झालं?" मग मी ते सगळं सोडून दिलं.

"माय, बाईले लोखंडाचं भेव नव्हतं. तिले तिच्या हाताचं भेव होतं."

तिला ते लगेच कळलं. ती माझ्याकडे वळली. "मेलेल्या माणसाच्या तोंडी असं घालते? हेच शिकाले धाडलं का तुले?"

"तिनंच सांगितलं मले. तवाच."

आणि मी तू बोललीस ते सगळं बोलले. दार उघडं ठेव म्हणालीस इथपासून. माय शेंगा फोडतच होती, पण मूग टरफलांच्या ढिगात टाकत होती आणि टरफलं सुपात. मी तिला थांबवलं नाही. मग ती म्हणाली, "ते हात अंगाखाली घेऊन निजे. त्याच्यासाठी?"

"हो."

"तू वर्ध्याले गेल्ती तवा म्या म्हटलं होतं तिले. हात मोकये कर, नाई तं बांधून ठेवीन." मायनं हातातली शेंग खाली ठेवली. "तं म्हणते, बांध, माय. लवकर बांध."

मला हे माहीत नव्हतं, बाई. हे तू मलाही सांगितलं नव्हतंस.

"मले वाटलं, भूत बोलून राह्यलं," माय म्हणाली. "माही पोर बोलून राह्यली होती."

मी म्हणाले, तू बांधलं नाहीस ना. तू लेकरू मांडीवर घेतलंस, वेचणी सोडलीस, तिला झोपू दिलंस. डॉक्टरबाईंनी नेमकं तेच करायला सांगितलं होतं, माय. मी अगदी घाईघाईनं बोलत होते, जणू पुढचं वाक्य आधी पोचलं तर मागचं लागणार नाही.

"चूप राह्य," माय म्हणाली. सूप तसंच टाकून ती वावराच्या वाटेनं गेली.

तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. जेवायची वेळ झाली की ललीला म्हणते, "मावशीले सांग, भाकर झाली."

"आजी, मावशी इथंच तं बसली हाय."

"तरी सांग."

लली माझ्याकडे तोंड करून ओरडते, "मावशी, भाकर झाली!" आणि तिला हा खेळ वाटतो. मी हे सांगून बरोबर केलं की नाही, मला अजून कळत नाही. मायच्या डोळ्यांखाली काळं आलं आहे. काल बाजारात शेवंताकाकूनं तुझा विषय काढला, हवेचा, लोखंडाचा, नेहमीसारखा. माय म्हणाली, "बंद कर ते." एवढंच. काकू बघतच राहिली.

आज सकाळी मी न्हाणीत कपडे धूत होते. माय चुलीपुढे होती आणि लली तिच्याजवळ दुधात भाकर कुस्करून खात होती. मायचा आवाज आला तशी मी पाण्याचा आवाज बंद केला.

"लले, म्या त्या दिवशी तुले चूक सांगितलं. हवा-बिवा काई नव्हती तुह्या मायले."

"मंग?"

मायनं चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मला वाटलं, सोडून दिलं तिनं.

"तुही माय लय थकली होती. तू झाली तवा तिले झोपच नव्हती. इतकं थकलं का माणसाले आपल्याच हाताचा भरोसा राहत नाई. तुले काई लागन, याचं तिले भेव वाटे. मंग ते बरी झाली, पन भेव राहून गेलं. म्हणून तुले बाहेर ठेवे."

"कडी लावून?"

"हो. कडी लावून."

लली घास चघळत विचार करत होती, ते मला दारातून दिसत होतं. मग ती जे बोलली ते मायला उद्देशून होतं, पण मला वाटतं ते तुझं आहे. म्हणून जसंच्या तसं लिहिते.

ती म्हणाली, "मंग आतच बसू द्याचं होतं ना मले. म्या इळीले हात नसता लावला."